वरणाच्या वाटीत डाळ किती? पोषणाच्या वर्गातलं एक प्रकरण

हे प्रकरण माझ्याच वर्गातलं आहे. कॉलेज, गाव आणि माणसं ओळखू येतील असे तपशील बदललेत. चुका मात्र जशाच्या तशा ठेवल्यात, कारण त्यांच्यासाठीच हे लिहायला घेतलं.

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातलं, जिल्ह्याच्या गावातलं कला-वाणिज्य महाविद्यालय. समोर एस.टी. स्टँड, मागच्या गल्लीत कॉटबेसिसवर राहणारी मुलं-मुली आणि त्यांच्या जिवावर चालणाऱ्या चार मेस. मी इथं गृहविज्ञान शिकवते. विभागात आम्ही दोघी, त्यातली एक तासिका तत्त्वावर. म्हणजे जितके तास तितकेच पैसे, आणि तेही कधी येतील ते खरं.

२०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांत पदवीच्या पहिल्या वर्षाला नवं शैक्षणिक धोरण लागू झालं. त्याबरोबर 'ओपन इलेक्टिव्ह' आलं, म्हणजे प्रत्येकानं आपल्या शाखेबाहेरचा एखादा विषय घ्यायचा. आमच्या विभागाकडं 'आहार आणि आरोग्य' हा दोन क्रेडिटचा विषय आला. तीस तास, पन्नास गुण. वीस अंतर्गत, तीस लेखी. तोवर आमच्या वर्गात बारा-पंधरा मुली असायच्या, सगळ्या गृहविज्ञान ठरवून घेतलेल्या. आता एकदम ८४ नावं आली. निम्म्याहून जास्त बी.कॉम.ची, आणि त्यात मुलगेही बरेच. हा विषय का घेतलात, असं पहिल्याच तासाला विचारलं. एकानं सरळ सांगून टाकलं, "मॅडम, खिडकीवर म्हणाले बाकीचे फुल झालेत."

अभ्यासक्रमात चार घटक होते: अन्नघटक, संतुलित आहार, वयोगटानुसार आहार आणि आजारपणातला आहार. वर्षानुवर्षं ज्या वहीतून शिकवत आले तीच वही मी उघडली.

अडचण

पहिल्या आठवड्यात साठेक जण आले, तिसऱ्या आठवड्यात बावीस. त्या बाविसांतले दहा जण पुढच्या तासाला याच खोलीत इंग्रजी असतं म्हणून जागा धरायला बसलेले. जीवनसत्त्वांचा तक्ता फळ्यावर काढला की फोटो निघायचा आणि पेनं खिशात जायची. "हे परीक्षेला आहे का?" एवढा एकच प्रश्न यायचा.

हजेरी कमी असणं आम्हाला नवीन नाही. मी हादरले ते जर्नल तपासताना. तीन दिवसांची आहारनोंद लिहून आणायला सांगितली होती, दोन कामाचे दिवस आणि एक रविवार. ६१ जर्नलं आली. त्यातल्या एकवीस जणांनी मंगळवारी सकाळी एक कप दूध घेतलं होतं आणि एक सफरचंद खाल्लं होतं. रात्री सगळ्यांच्या ताटात काकडी-टोमॅटोची कोशिंबीर. चहा कुणीच प्यायलं नव्हतं, वडापावला कुणी हात लावला नव्हता. मी ज्या कँटीनमध्ये बसून ही जर्नलं तपासत होते, तिथं समोरच्या टेबलावर त्यातलेच तिघं चहात क्रीमरोल बुडवून खात होते.

आधी राग आला. मग लक्षात आलं की त्यांनी फसवणूक केली नव्हती. मी जे ऐकायला बसले होते ते लिहून दिलं होतं. संतुलित आहार आधी शिकवला, आणि मग 'तुम्ही काय खाता' असं विचारलं. दहा गुणही त्याच लिखाणाला ठेवले. दुसरं काय हाती येणार?

त्याआधी एक चूक होऊन गेली होती. दुसऱ्या आठवड्यात, प्रात्यक्षिक म्हणून, मी वर्गात वजनकाटा आणला होता. उंची, वजन, त्यावरून बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन किती ते सांगणारा आकडा. आम्ही बारा-पंधरा मुलींच्या वर्गात हे नेहमी करायचो, हसतखेळत व्हायचं. इथं साठ जण होते, त्यात मुलगे. आकडे एक मुलगी मोठ्यानं वाचत होती, दुसरी फळ्यावर लिहीत होती. एका विद्यार्थिनीचा आकडा लिहिला गेला आणि मागून कुणीतरी काहीतरी बोललं. काय ते मला ऐकू आलं नाही, हशा ऐकू आला. ती मुलगी पुन्हा माझ्या तासाला आली नाही. दोन आठवड्यांनी तिनं विषय बदलून घेतल्याचं ऑफिसकडून कळलं. मी तिला गाठून बोलायला हवं होतं. 'येईल परत' म्हणत राहिले.

समोरचे पर्याय

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात विभागात बसून आम्ही दोघींनी काय काय करता येईल याचा विचार केला. प्राचार्यांचं मत तयार होतं: पंच्याहत्तर टक्के हजेरीचा नियम लावा, नावं नोटीस बोर्डावर टाका. नियम आहेच, आणि त्यानं खोली भरलीही असती. पण जागा धरायला बसलेले दहा तेव्हा चाळीस झाले असते.

दुसरी सूचना सहकारी मैत्रिणीची, मोबाइलवरच्या प्रश्नमंजूषेची. ती आम्ही दोन तास करून पाहिली. पहिल्या दिवशी धमाल आली. दुसऱ्या दिवशी मागच्या तीन रांगांना नेटवर्क नव्हतं आणि जिंकले तेच सहा जण.

तिसरा पर्याय बाहेरच्या पाहुण्याचा. शहरातल्या एका जिमच्या प्रशिक्षकाला बोलवा, असं मुलगेच सुचवत होते. त्यांना प्रोटीन पावडरबद्दल ऐकायचं होतं. गर्दी नक्की झाली असती, पण नंतरचे चार तास मला त्यानं सांगितलेलं निस्तरण्यात घालवावे लागतील अशी धास्ती वाटली.

चौथा पर्याय आमच्या विभागाचा पिढीजात: पाककला स्पर्धा. सप्टेंबर हा राष्ट्रीय पोषण माह, त्यामुळं त्या महिन्यात काहीतरी करून फोटो पाठवावेच लागतात. या स्पर्धांचा मला आता कंटाळा आलाय, तो लपवत नाही. मुली घरून करून आणतात, अर्धं श्रेय आईचं असतं, मुलगे खायला येतात आणि गाजराच्या फुलांनी सजवलेल्या नाचणीच्या केकला पहिलं बक्षीस मिळतं.

पाचवा पर्याय पर्याय म्हणून आलाच नव्हता. कॉरिडॉरमध्ये एक मुलगा मला म्हणाला, "मॅडम, तुम्ही म्हणता रोज डाळ खा. आम्ही रोजच खातो. पण मेसच्या वरणात डाळ असते का, ते तुम्हीच येऊन बघा." तो तक्रार म्हणून बोलला होता. संध्याकाळी घरी वरणाला फोडणी देताना मला ते वाक्य पुन्हा आठवलं. काय खायचं ते मुलं ठरवतात, असं धरून मी शिकवत होते. प्रत्यक्षात ते ठरत होतं मेसच्या पातेल्यात, एस.टी.च्या वेळापत्रकात आणि महिनाअखेरीला खिशात काय उरलंय त्यावर. मग वरणाच्या वाटीत डाळ किती, हेच मोजायला का लावू नये?

आम्ही हा पाचवा मार्ग घेतला. त्याची किंमत आधीच दिसत होती: अभ्यासक्रम मागं पडणार, आणि मेसमध्ये जायचं तर तासाबाहेरचा वेळ जाणार. तासिका तत्त्वावरच्या मैत्रिणीला त्या वेळेचे पैसे मिळणार नव्हते. "चला, बघू," असं ती म्हणाली. तिला हो म्हणायला लावणं बरोबर होतं की नाही, हे माझं अजून ठरलेलं नाही.

काय केलं

सगळ्यात आधी आहारनोंदीची पद्धत बदलली. नोंदीवर नाव नाही, फक्त स्वतः निवडलेली खूण. 'चांगलं-वाईट' असा रकाना नाही. गुण कशाला, हे पहिल्याच दिवशी सांगितलं: काय खाल्लं याला शून्य गुण, एक आकडा निवडायचा, तो कुठून आला ते तोंडी सांगायचं, आणि मी उलट प्रश्न विचारले तर त्यावर ठाम राहायचं किंवा चूक कबूल करायची, याला दहा गुण. नाव न टाकण्याचं कारण फक्त लाज एवढंच नव्हतं. कुणाच्या ताटात सुकट आहे, कुणाच्या घरी मटण होतं, कुणी रात्री नुसता चहा-पाव खाल्ला, यावरून आपल्याकडं माणसाची जात, धर्म आणि परिस्थिती तिघांचाही अंदाज बांधला जातो. वर्गात तो बांधला जाऊ नये एवढी काळजी आम्हाला घ्यायची होती. वजनकाटा कपाटात गेला.

दुसऱ्या खेपेच्या नोंदी श्रावणात आल्या आणि ओळखू येण्यासारख्या होत्या. सकाळी साडेसहाची एस.टी. धरायची म्हणून काहीच नाही. दहाला वडापाव. श्रावणी सोमवारी दिवसभर साबुदाणा खिचडी आणि वेफर्स. एका चिठ्ठीवर नुसतं लिहिलं होतं, "रात्री मेस बंद, बिस्किटचा पुडा."

मग मेस. चारपैकी एका मेसवाल्या काकू तयार झाल्या. त्यांना वाटलं होतं आम्ही तपासणीला आलोय. स्वयंपाकघरात शिरताच आधी त्यांनी पाण्याच्या टाकीचं झाकण लावलं. आम्ही फक्त तीन गोष्टी मागितल्या: एका वेळेला किती ताटं, किती कणीक, किती डाळ-तांदूळ. काकूंचा हिशेब तोंडपाठ होता. साठ ताटं, दीड किलो तूरडाळ, तीन किलो तांदूळ, सात किलोच्या थोडी वर कणीक, चार चपात्या माणशी.

वर्गात हिशेब सुरू झाला तसा पहिल्या पाच मिनिटांत गोंधळ उडाला. एका गटानं मेसची वाटी पाण्यानं भरून मोजली होती, ११० मिलिलिटर. कुठल्या अन्नात काय किती असतं त्याच्या सारणीत तूरडाळीला शंभर ग्रॅममागं साधारण २२ ग्रॅम प्रथिनं. त्यांनी वाटीत २४ ग्रॅम प्रथिनं काढली आणि वरणाची बदनामी थांबवा म्हणून जाहीर केलं. दुसऱ्या गटातली एक मुलगी उठली. "अरे, तो आकडा कोरड्या डाळीचा आहे. तुझ्या वाटीत पाणी आहे." दीड किलोला साठानं भागलं. माणशी २५ ग्रॅम डाळ, म्हणजे साडेपाच ग्रॅमच्या आत प्रथिनं. कच्च्या आणि शिजवलेल्या वजनातला फरक मी दर वर्षी फळ्यावर लिहिते. या वर्षी तो लिहावा लागला नाही.

इथून पुढचं मला अपेक्षित नव्हतं. मी मनात निष्कर्ष तयार ठेवला होता: मेसमध्ये प्रथिनं कमी पडतात. बी.कॉम.च्या मुलांनी पूर्ण ताटाची बेरीज केली. चार चपात्या म्हणजे १२० ग्रॅम कणीक, त्यातली साडेबारा ग्रॅम प्रथिनं, भाताची चार, वरणाची साडेपाच. एका वेळेला बावीस, दोन वेळचे चव्वेचाळीस. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० मध्ये सांगितलेली शिफारस शरीराच्या वजनाच्या किलोमागं रोज ०.८३ ग्रॅम. पन्नास किलोच्या मुलीला साडेएकेचाळीस. "मॅडम, मग प्रोटीन कमी नाहीच की!"

मी गप्प. खरंच कमी नव्हतं, निदान बेरजेत तरी. वर्गात पहिल्यांदा माझ्याशी भांडण झालं आणि त्यात मी हरत होते. मला वाचवलं एका मुलीच्या प्रश्नानं: "पण चार चपात्या खातंय कोण?" मुलींच्या नोंदी पुन्हा काढल्या. बहुतेकींच्या दोनच चपात्या होत्या, कुणी 'वजन वाढतं' म्हणून, कुणी तासाला पळायचं म्हणून. दोन चपात्यांचं ताट मोजलं तर दिवसाची प्रथिनं एकतीसच्या आसपास येत होती. शिवाय डाळ कमी आणि धान्य जास्त हे प्रमाण राहिलंच. २०२४ च्या मे महिन्यात आलेल्या नव्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांमध्ये दोन हजार कॅलरींच्या ताटात धान्य २५० ग्रॅम आणि डाळी-कडधान्यं किंवा त्याऐवजी अंडी-मांस मिळून ८५ ग्रॅम धरलंय. काकूंच्या दोन वेळच्या पूर्ण ताटात धान्य ३४० आणि डाळ ५०. मीही माझा तयार निष्कर्ष फळ्यावर लिहिला आणि त्यावर काट मारली. प्रथिनांच्या दर्जाचा मुद्दा, धान्यातला लायसिन या प्रथिनांतल्या आवश्यक घटकाचा तुटवडा आणि डाळीनं होणारी भरपाई, हे सगळं त्या काटेनंतर दहा मिनिटांत झालं.

लोहाची बेरीज मात्र कुठल्याच बाजूनं पुरेना. चार चपात्यांचं ताट दोन वेळा धरून साडेबारा मिलिग्रॅमच्या आत, भाज्या-चटण्या धरून फार तर पंधराच्या आसपास. शिफारस प्रौढ स्त्रीला २९, पुरुषाला १९. एकीनं विचारलं, सगळ्याच मुलींना २९ लागतं का? नाही. सरासरी गरज १५ धरलेली आहे. २९ हा जवळजवळ सगळ्या स्त्रिया त्यात बसाव्यात म्हणून वर नेलेला आकडा. त्या दिवशी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातला आकडाही सांगितला: २०१९-२१ च्या पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता. हा आकडा मी जुलैतही सांगितला होता. तेव्हा फोटो निघाले होते.

पोह्यांचा प्रसंग इथलाच. कुणीतरी म्हणालं, लोहाचं काय, सकाळी कांदेपोहे खातोच. भिंतीवरच्या तक्त्यात पोह्यांसमोर शंभर ग्रॅमला २० मिलिग्रॅम लोह लिहिलेलं. पन्नास ग्रॅम पोहे म्हणजे दहा मिलिग्रॅम, प्रश्न मिटला. मागच्या बाकावरचा मुलगा, तोच खिडकीवरून पाठवलेला, मोबाइलवर २०१७ ची भारतीय अन्नघटक सारणी उघडून बसला होता. "मॅडम, इथं ४.४६ आहे. तक्ता चुकलाय की पुस्तक?" मला त्या क्षणी उत्तर देता आलं नाही, आणि मी तसं सांगितलं. दुसऱ्या दिवशी जुनी पुस्तकं काढली. तक्ता जुन्या सारणीवरून केलेला होता. २०१७ च्या सारणीसाठी देशभरातून नवे नमुने घेऊन, नव्या पद्धतीनं पुन्हा तपासणी झाली. म्हणजे पन्नास ग्रॅम पोह्यांत सव्वादोन मिलिग्रॅमच. तक्ता आम्ही भिंतीवरून काढला. मला विचाराल तर या सत्रातला सगळ्यात चांगला तास तो होता, आणि त्यात मी फारसं काही शिकवलं नव्हतं.

पोह्यांवर लिंबू का पिळायचं, हे मग आपोआप आलं: क जीवनसत्त्वामुळं वनस्पतीजन्य लोह शोषलं जायला मदत होते. आणि त्यावर लगेच प्यायलेला चहा तेच शोषण अडवतो. नव्या मार्गदर्शक सूचनांतही जेवणाआधी आणि नंतर तासभर चहा-कॉफी टाळा म्हटलंय. सफरचंदही निघालंच. कॉलेजच्या फाटकाबाहेर तिखट-मीठ लावून मिळणाऱ्या पेरूत शंभर ग्रॅमला दोनशे मिलिग्रॅमच्या वर क जीवनसत्त्व; सफरचंदात पाचसुद्धा नाही. जर्नलातले ते एकवीस जण ओळीनं हसले.

मध्येच झालेला घोळ

सप्टेंबरमध्ये, गणपतीच्या सुटीआधी, एका मुलानं काकूंच्या वरणाचा रील केला. पळीतून पातेल्यात पडणारं वरण, वर विनोदी गाणं. दोन दिवसांत ते काकूंच्या मुलापर्यंत पोहोचलं. काकूंनी आमच्यासाठी दार बंद केलं आणि इतर तिन्ही मेसनाही कळवलं.

मोबाइल आत न्यायचा नाही, फोटो काढायचा नाही, हे मी आधी सांगितलं नव्हतं. साधी गोष्ट होती. इतक्या दिवसांत ती डोक्यात आली नाही, कारण माझ्या लेखी ते 'प्रात्यक्षिक' होतं आणि काकूंच्या लेखी ते त्यांचं पोट होतं. मी माफी मागायला गेले. काकूंनी पाणी दिलं आणि म्हणाल्या, "बाई, तुम्ही कशाला? ज्यानं टाकलं त्याला पाठवा."

तो गेला. रील आधीच काढून टाकला होता. काकूंनी त्याला काही बोल लावले नाहीत, हिशेबाची वही पुढं ठेवली. गॅस, खोलीचं भाडं, हाताखालच्या बाईंचा पगार आणि अकरा जणांची थकलेली बाकी. त्या अकरांत त्याचंही नाव होतं. तो बी.कॉम.चा. येताना वहीवरून खर्चाची उतरंड लिहून घेऊन आला, आणि वर्गात मांडली ती त्यानंच. डाळ दीडवरून दोन किलो केली तर? तेव्हा तूरडाळ एकशे साठच्या घरात होती. वेळेला ऐंशी रुपये, दिवसाला एकशे साठ, महिन्याला ४८००. साठांत वाटले तर माणशी महिना ऐंशी.

मग मत घेतलं. मेसमध्ये जेवणाऱ्यांपैकी ऐंशी रुपये जास्त द्यायला तयार असणारे तिसऱ्या हिश्शाहूनही कमी निघाले. वरणाला नावं ठेवणारे बरेच जण नाही म्हणणाऱ्यांत होते. मी काही बोलले नाही; ऐंशी रुपयांचा मोबाइल रिचार्ज आणि ऐंशी रुपयांची डाळ यांत मी त्या वयात काय निवडलं असतं, देव जाणे.

पण खर्च न वाढवता काय होईल यावर दोन गट बसले. आठवड्यातून दोनदा बटाट्याच्या भाजीऐवजी मोड आलेल्या मटकीची उसळ. तेव्हा बटाटाही चाळिशीत होता. पाच किलो बटाट्याच्या पैशांत दीड किलो मटकी येत होती, वर वीस रुपये उरत होते, आणि त्या वेळेपुरती कडधान्याची मात्रा दुप्पट. काकूंचा एकच आक्षेप: मोड आणायला आदल्या दिवशी आठवण ठेवावी लागते. बुधवार आणि शनिवार ठरले. आदल्या दिवशी आठवण करायला दोन मुली नेमल्या.

काय निष्पन्न झालं

हजेरी ऑगस्टअखेरीपासून पन्नासच्या पुढं राहिली, नवरात्रापर्यंत. त्यानंतर परीक्षेचं वेळापत्रक लागलं आणि ती पुन्हा तिशीवर आली. मटकीची उसळ सत्र संपेपर्यंत चालली. दिवाळीनंतर आठवण करणाऱ्या मुली घरी गेल्या आणि एक वार सुटला, दुसरा टिकला. चहाची वेळ किती जणांनी बदलली हे मी मोजलं नाही. विचारलं असतं तर मला हवं तेच उत्तर मिळालं असतं, आणि तो धडा सफरचंदांनी आधीच दिला होता.

तोंडी परीक्षा मात्र बघण्यासारखी झाली. 'हा आकडा कुठून आणला?' या प्रश्नाला वर्षानुवर्षं 'पुस्तकात आहे' हे उत्तर मिळायचं. या वेळी सारणीचं वर्ष सांगणारे, कोरडं वजन की शिजवलेलं हे आधी विचारून घेणारे बरेच निघाले. काही जणांनी तरीही पाठ करून आणलंच.

तोटाही झाला. चौथा घटक, आजारपणातला आहार, मी शेवटच्या दोन तासांत उरकला. लेखी परीक्षेत त्यावर दहा गुणांचा प्रश्न होता. मधुमेहाच्या पथ्यावर काय लिहायचं हे अनेकांना सुचलं नाही, आणि निकालानंतर चार मुली विभागात आल्या. "वरणाचं सगळं येतंय मॅडम, पण पेपरात वरण नव्हतं." त्यांचं चुकलं नव्हतं. त्यातल्या एकीला या विषयामुळंच पहिल्या वर्गाला दोन गुण कमी पडले.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात मोठी फट मला ऑक्टोबरमध्ये दिसली. मेसवर जेवणारे वर्गात निम्म्याच्या आसपास. बाकीचे रोज गावाहून एस.टी.नं येणारे. महिना-दीड महिना ते दुसऱ्यांच्या ताटाचा हिशेब करत बसले होते. शेवटी त्यांचा 'डबा गट' केला तेव्हा सगळ्यात नेटक्या नोंदी तिथून आल्या. पहाटे पाचला आईनं केलेली भाकरी, साडेदहाला रिकामा झालेला डबा, आणि त्यानंतर संध्याकाळी सहापर्यंत काही नाही. एकानं तर डब्यातल्या भाकरी आठवडाभर वजन करून लिहून आणल्या, आईच्या वजनकाट्यावर, जो एरवी शेंगा मोजायला असतो. हा गट पहिल्यापासून हवा होता. पुढच्या वेळी सुरुवात डब्यापासून, मेस नंतर.

मेसच्या मालकीणबाईंशी बोलणी पहिल्या भेटीआधी, लेखी. फोटो नाही, नाव नाही, आणि जे काही निघेल ते आधी त्यांना दाखवायचं, वर्गाला नंतर. हे नियम मुलांनीच लिहायचे. मी लिहिले तर ते सूचनाफलक होतात.

चौथा घटक सप्टेंबरमध्ये आणायचा. आजारपणाचा आहार शिकवायला ताटाचा हिशेब संपायची वाट कशाला बघायची? गावाकडच्या नोंदींमध्ये आजोबांचा मधुमेह आणि आजीचं 'मीठ बंद' हे येतच होतं, मी त्याकडं वळलेच नाही.

तासाबाहेरच्या कामाचे तास मैत्रिणीच्या वेळापत्रकात आधी लिहून घ्यायचे, नाहीतर मेस भेटी वर्गाच्याच वेळेत बसवायच्या. प्राचार्यांपुढं हा विषय दोनदा ठेवला. अजून निर्णय नाही.

आणि वजनकाटा. या वर्षी तो प्रात्यक्षिकाच्या खोलीत पडद्यामागं ठेवलाय. ज्याला वाटेल त्यानं जावं, आकडा स्वतःच्या वहीत लिहावा, कुणाला दाखवू नये. विषय बदलून गेलेल्या त्या मुलीला मी जानेवारीत ग्रंथालयात भेटले. माफी मागितली. ती "असू दे मॅडम" म्हणाली आणि पुस्तकाच्या नोंदीवर सही करायला वळली.